चंदेरी-काळा मल्चिंग पेपर: उन्हाळ्यात मुळांना तो खरंच गार ठेवतो का?

पानाकडे स्वतःला गार करायची सोय असते. पर्णरंध्रांतून बाष्प बाहेर पडतं, आणि मुळं पुरेसं पाणी पुरवत असतील तर पान भोवतालच्या हवेपेक्षा थोडं थंडही राहू शकतं. मुळाकडे अशी सोय नाही. माती जेवढी तापेल तेवढं मूळ तापतं. म्हणून उन्हाळी पिकासाठी मल्चिंग पेपर, म्हणजे वाफ्यावर अंथरायचा प्लास्टिकचा पातळ कागद, निवडताना पहिला प्रश्न तणाचा नसून मातीच्या तापमानाचा असायला हवा. या परीक्षणात चंदेरी-काळ्या पेपरला त्याच कसोटीवर तपासलं आहे.

बहुतेक भाजीपाल्याची मुळं २० ते ३० अंश सेल्सिअसमध्ये खुशीत वाढतात. ३५ च्या पुढे पांढरी मुळी फुटणं मंदावतं, आणि ४० च्या वर तापमान रोज काही तास टिकलं तर मुळांची कोवळी टोकं करपू लागतात. त्यात आणखी एक पेच आहे. तापमान १० अंशांनी वाढलं की मुळांचं श्वसन साधारण दुप्पट होतं, पण पाण्यात विरघळणारा ऑक्सिजन मात्र कमी होतो: २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३५ अंशांना जेमतेम ७. गरज वाढते आणि पुरवठा घटतो. वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही पुरेशी, असूनही दुपारी रोप मान टाकतं, त्यामागे बरेचदा हेच असतं. अशा वेळी पाणी कमी पडलं असं समजून ठिबक आणखी दोन तास चालवलं, तर मातीतली उरलीसुरली हवाही निघून जाते.

आता पेपरबद्दल. वरचा चंदेरी थर ऊन परतवतो, खालचा काळा थर प्रकाश अडवतो, त्यामुळे तण उगवत नाही. नुसता काळा पेपर ऊन शोषून घेतो आणि मातीला घट्ट टेकलेला असेल तर ती उष्णता थेट खाली देतो. थंडीत ते हवंच असतं, कडक उन्हाळ्यात मात्र तो पेपर नको. पारदर्शक पेपर तर याहून वाईट: ओल्या जमिनीवर तो अंथरून वरच्या थराचं तापमान ४५-५० अंशांपर्यंत नेतात आणि रोगकारक बुरशी मारतात. त्याखाली उभ्या पिकाची मुळं ठेवणं म्हणजे त्यांनाही तीच शिक्षा. पेपर उलटा, म्हणजे काळी बाजू वर करून अंथरला, तरी चंदेरी थराचे पैसे वाया जातात. घाईत हे होतं.

उघड्या जमिनीच्या तुलनेत चंदेरी-काळ्या पेपरखालची माती दुपारी काही अंशांनीच थंड असते, फार मोठ्या फरकाची अपेक्षा ठेवू नये. खरा फायदा ओलाव्याचा आहे. ओल्या मातीची उष्णता सामावण्याची क्षमता जास्त, म्हणून ती सावकाश तापते आणि तापमानाचे झटके सौम्य होतात. निव्वळ गारव्याचाच विचार केला तर ७ ते १० सेंटीमीटर जाडीचं वाळलेलं गवत किंवा पाचट कुठल्याही पेपरपेक्षा सरस ठरतं, कारण त्यात अडकलेली हवा उष्णता खाली जाऊ देत नाही. पण त्यातून वाळवी येऊ शकते, गवताबरोबर तणाचं बी येतं, आणि ताजं पाचट मातीत मिसळलं गेलं तर कुजताना नत्र अडवून धरतं. क्षेत्र लहान आणि आच्छादन हाताशी असेल तर गवतच घ्यावं. क्षेत्र मोठं असेल तर पेपर.

खरेदी करताना एक साधी परीक्षा करावी. पेपर उन्हाकडे धरून खालून बघा. प्रकाश आरपार जाणवला तर काळा थर कमकुवत आहे, तण त्याखाली वाढेल आणि पेपर उचलून धरेल. एका हंगामासाठी २५ मायक्रॉन जाडीचा पेपर पुरतो, दोन पिकं घ्यायची असतील तर ३०. अतिनील किरणांना टिकणारा आहे हे विचारून घ्यावं.

अंथरण्याआधी गादीवाफा १५-२० सेंटीमीटर उंच करून ढेकळं फोडावीत, लॅटरल (ठिबकची नळी) पेपरखाली घ्यावी आणि ठिबक चालवून वाफसा आणावा. उघड्यावर पडलेल्या काळ्या लॅटरलमधलं पाणी दुपारी चांगलंच तापतं आणि सुरुवातीचं गरम पाणी थेट मुळाशी जातं. म्हणून पाणी पहाटे किंवा सकाळी लवकर द्यावं. पेपर दिवसा पसरतो आणि रात्री आक्रसतो, त्यामुळे फार ताणू नये. कडा मात्र १०-१५ सेंटीमीटर मातीत गाडाव्यात.

सर्वांत जास्त नुकसान छिद्रापाशी होतं. छिद्र लहान असेल तर पेपरची तापलेली कड कोवळ्या खोडाला टेकते आणि मातीलगत खोडाभोवती तपकिरी कडं पडतं. वरून रोप ठीक दिसतं, मग वारा आला की तिथंच मोडतं. याला अनेकदा मर रोग समजून बुरशीनाशकाची आळवणी केली जाते, म्हणजे त्याचं द्रावण मुळाशी ओतलं जातं, जिचा इथे काडीचाही उपयोग नाही. छिद्र ६ ते ८ सेंटीमीटरचं असावं, रोप मधोमध लावावं आणि छिद्राच्या कडेवर मूठभर माती टाकावी, म्हणजे पेपरखालची गरम हवा खोडाला चाटून बाहेर पडणार नाही. लावण संध्याकाळीच करावी. चंदेरी पृष्ठभागावरून परतलेलं ऊन लहान रोपांच्या पानांना खालूनही भाजतं, म्हणून ऐन उन्हाळ्यात पहिले आठ-दहा दिवस ३५ ते ५० टक्के सावली देणारी शेडनेट असलेली बरी. या परावर्तनाचा फायदाही आहे: मावा, फुलकिडे आणि पांढरी माशी रोपांवर कमी उतरतात. धूळ बसली किंवा पिकाने पेपर झाकला की हा परिणाम ओसरतो.

पेपर काम करतो की नाही हे अंदाजाने ठरवू नये. दांड्याचा माती-थर्मामीटर १० सेंटीमीटर खोल, दोन रोपांच्या मधोमध खुपसावा आणि दुपारी ३ ते ५ दरम्यान आकडा बघावा, कारण या खोलीला कमाल तापमान हवेपेक्षा उशिरा येतं. शेजारच्या उघड्या वाफ्यातही तेव्हाच मोजावं. थर्मामीटर आधी बर्फाच्या चुऱ्यात पाणी घालून तपासावा, तिथे शून्य दाखवायला हवं. इन्फ्रारेड गन इथे फसवते. ती पेपरचा पृष्ठभाग मोजते, माती नाही, आणि चकाकत्या पृष्ठभागावर तिचा आकडा तसाही चुकतो.

काही तक्रारींवर या पेपरकडे उत्तर नाही. टोमॅटोची फुलगळ हा परागकणांचा प्रश्न आहे. दिवसा ३५ अंशांच्या पुढे आणि उकाड्याच्या रात्री परागकण निकामी होतात. तापमान ३२ च्या वर टिकलं की फळात लाल रंगद्रव्य नीट बनत नाही आणि फळं पिवळट-नारिंगी राहतात. दोन्हींत दोष हवेच्या तापमानाचा.

पेपरखाली सतत चिखल ठेवला तर उष्ण, ओल्या मातीत पिथियम या बुरशीसारख्या रोगकारकामुळे मुळं कुजतात. खोडाशी पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे दाणे दिसले तर ती स्क्लेरोशियम. रोप मुळासकट, भोवतालच्या मातीसह काढून शेताबाहेर न्यावं आणि पाण्याची पाळी तोडावी.

पीक संपल्यावर पेपर जुना होऊन ठिसूळ व्हायच्या आत, जमीन थोडी ओलसर असताना, कडा मोकळ्या करून एका टोकाकडून गुंडाळत काढावा. उशीर केला की तो चिंध्या होऊन निघतो. ते तुकडे वर्षानुवर्षं मातीत राहतात आणि नंतर वेचून संपत नाहीत.