ट्रान्सलेट टूलकिट: काम चोख, पण टेम्प्लेट विसरू नका

भाषांतराच्या फायली एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात न्यायच्या असतील तर ट्रान्सलेट टूलकिट डोळे झाकून घ्यावं. फुकट आहे, पायथॉनवर चालतं, पिप या पायथॉनच्या इन्स्टॉलरने बसतं. मात्र सगळा कारभार कमांड लाइनवर. माउसवर काम करणाऱ्यांनी नादी लागू नये.

जावाच्या प्रॉपर्टीज फायलींचं, म्हणजे प्रोग्रॅममधला मजकूर ठेवणाऱ्या फायलींचं, बघा. त्या पीओ या भाषांतराच्या फॉरमॅटमध्ये नेणाऱ्या प्रॉप-टू-पीओला मराठी फाइल द्यायची आणि ‘-टी’ लावून इंग्रजी फाइल टेम्प्लेट म्हणून द्यायची. टेम्प्लेट द्यायचं राहिलं तर साधन कुरकुरतही नाही: मराठी मजकूर मुकाट्याने एमएसजीआयडीत, म्हणजे मूळ मजकुराच्या जागी, जाऊन बसतो आणि एमएसजीएसटीआर, म्हणजे भाषांतराची जागा, रिकामं राहतं. परतीच्या वाटेवर पीओ-टू-प्रॉपलाही तीच इंग्रजी फाइल लागते. तिथे पर्सनॅलिटी, म्हणजे फाइल कोणत्या पद्धतीने लिहायची ती निवड, आपोआप ‘जावा’ धरली जाते, त्यामुळे देवनागरीतलं प्रत्येक अक्षर युनिकोड क्रमांकाच्या रूपात लिहिलं जातं. जावा ८ पर्यंत हेच बरोबर. जावा ९ पासून रिसोर्स बंडल (हा मजकूर वाचणारा जावाचा भाग) यूटीएफ-८, म्हणजे अक्षरं थेट लिहिणारं एन्कोडिंग, वाचतं, तेव्हा ‘जावा-यूटीएफ८’ निवडा; फाइल निदान माणसाला वाचता येते.

‘भाषांतर पूर्ण आहे, तरी स्क्रीनवर इंग्रजी दिसतंय’ ही नेहमीची ओरड. बहुतेक वेळा त्या ओळीवर ‘फझी’, म्हणजे ‘भाषांतर तपासायचं बाकी’, असा शेरा असतो. अशा ओळी साधन वगळतं आणि टेम्प्लेटमधलं इंग्रजी तसंच ठेवतं, जे योग्यच आहे. ओळ तपासून शेरा काढा. ‘--फझी’ देऊन सगळं सरसकट आत घेणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

खरी पडझड सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या फायलीत. पीओ-टू-सीएसव्ही तीनच रकाने देतं: स्थान, मूळ, भाषांतर. फझी शेरा आणि भाषांतरकाराच्या टिपा यांना जागाच नाही. त्यात ती फाइल कुणी एक्सेलमध्ये डबल-क्लिकने उघडली की देवनागरीचा चिवडा होऊ शकतो, आणि बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारी ओळ सूत्र समजली जाते. लिबरऑफिस कॅल्क उघडतानाच एन्कोडिंग विचारतं. तिथे यूटीएफ-८ निवडा आणि सगळे रकाने ‘मजकूर’ ठेवा. भाषांतरकाराचं साधन एक्सलिफ (भाषांतराचा आणखी एक फॉरमॅट) किंवा पीओ घेत असेल तर सीएसव्हीच्या वाटेला जाऊच नका.

सोबतचं पीओ-फिल्टर हे भाषांतरातल्या चुका शोधणारं साधन जरूर चालवा. ‘%एस’ किंवा ‘%डी’, म्हणजे प्रोग्रॅम नंतर नाव किंवा आकडा भरतो ती खूण, गळालं असेल तर त्याची ‘प्रिंटएफ’ चाचणी लगेच पकडते. कॅपिटल अक्षरं तपासणाऱ्या ‘स्टार्टकॅप्स’ आणि ‘सिंपलकॅप्स’ चाचण्या मात्र ‘--एक्सक्लूडफिल्टर’ने बंद करा, देवनागरीत कॅपिटल अक्षरंच नाहीत, उगाच तक्रारींचा ढीग कशाला?