फेट की खान अकॅडमी?
मैत्रीण विचारत होती, लेकाला सायन्ससाठी नेमकी कुठली साइट लावून देऊ. दोन्ही फुकट, त्यामुळे पैशाचा प्रश्नच नाही. फेट (PhET) म्हणजे नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेली सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवरच करून बघायचे प्रयोग, लॉगिन लागत नाही, सर्किट जोडा, व्होल्टेज वाढवा, बल्ब लगेच जास्त उजळतो, आणि बरीचशी मराठीतही आहेत. पण समजावून कोणी सांगत नाही, शेजारी बसून "आता काय होईल सांग" असं आपणच विचारायचं, मला तर तेच सगळ्यात आवडतं. खान अकॅडमीत व्हिडिओ, मग सराव, अडलं तर हिंट, प्रगती साठवायला मात्र अकाउंट हवं. धडा बुडालाय, परीक्षा जवळ आलीय तर खान. सतत "असं का होतं" विचारणारं पोर असेल तर आधी फेट.