ताप-खोकल्याला कुठे जावं: आरोग्य केंद्र की खासगी दवाखाना?

गावात ताप आला की पाय आधी बाजारपेठेतल्या खासगी डॉक्टरांकडे वळतात. कारण उघड आहे. ते रात्री उशिरापर्यंत बसतात, घरादाराची प्रकृती ओळखतात आणि दिवसाची मजुरी बुडत नाही. पण फी वेगळी, मेडिकलचं बिल वेगळं. शिवाय ‘सुई मारा की डॉक्टर’ हा हट्ट बहुतेक वेळा आपलाच असतो. साधी सर्दी विषाणूंमुळे होते, तिथे अँटिबायोटिक निरुपयोगी.

प्राथमिक आरोग्य केंद्रात पैशाचा प्रश्नच नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरही मोफत आहे. हिवतापाची शंका आली तर बोटाला टोचून काचपट्टीवर रक्त घेतात, गोळ्या तिथल्याच खिडकीवर मिळतात. खोट एवढीच, की ओपीडीची वेळ ठरलेली. रांगेत सकाळ जाते, डॉक्टर कधी मीटिंगला गेलेले असतात, तर कधी औषध संपलेलं असतं.

माझं मत विचाराल तर बीपी, शुगर अशा रोजच्या गोळ्यांसाठी केंद्रच बरं, कारण तो खर्च जन्माचा. रात्री पोराला ताप चढला आणि केंद्रात कुणी नसेल, तर खासगीत जायला मागेपुढे पाहू नये. कुत्रा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवून आधी केंद्र गाठावं. रेबीजची लस तिथे मोफत मिळते. निघतानाच आशाताईंना फोन करून साठा विचारून घ्यावा.