फी फी बेटाची ‘फुल डे क्रूझ’: पैसे सांगलीत जातात, फसवणूक कळते फुकेतच्या धक्क्यावर

आजी-आजोबा, मुलगा-सून, अकरा आणि सात वर्षांची दोन नातवंडं असं सांगलीतलं सहा जणांचं कुटुंब मे महिन्याच्या सुट्टीत थायलंडमधल्या फुकेतला गेलं. फी फी बेटाच्या एका दिवसाच्या सहलीचे माणशी 7,500 प्रमाणे 45,000 रुपये त्यांनी निघण्याआधीच स्थानिक टूरवाल्याकडे भरले होते. पत्रकावर लिहिलं होतं: लक्झरी क्रूझ, 9 ठिकाणं, माया बेमध्ये पोहणं, स्नॉर्केलिंग, शुद्ध शाकाहारी जेवण, पार्क फी समाविष्ट. प्रत्यक्षात तीन-चारशे प्रवाशांच्या फेरीबोटीत जागा मिळाली, माया बे ही खाडी बोटीतून लांबूनच दिसली, आणि पाय टेकला तो फक्त फी फीवरच्या टोनसाई गावाच्या धक्क्यावर. मुलांची तिकिटंही मोठ्यांच्या दराने लावलेली होती. परत आल्यावर टूरवाला म्हणाला, “अहो, समुद्राचं काय आपल्या हातात असतं?”

समुद्र खरंच कुणाच्या हातात नसतो. पण या व्यवहारात समुद्रामुळे बिघडलेलं जवळजवळ काहीच नव्हतं. पैसे भरले त्या दिवशी जे पत्रक हातात होतं, त्यावरच हे सगळं ओळखता आलं असतं, आणि कसं ओळखायचं ते सांगण्यासाठीच हे लिहिलं आहे. सांगली, मिरज, सातारा, कराड या भागातून भिशीच्या गटाने किंवा शाळेतल्या सहकाऱ्यांसोबत थायलंडला जाणारी कुटुंबं आता बरीच आहेत, आणि यातले बहुतेक व्यवहार ओळखीवर होतात. गट जमवणाऱ्याला एक जागा फुकट मिळते, म्हणून तो मनापासून शिफारस करतो. त्याचा हेतू वाईट नसतो, पण कागद त्यानेही वाचलेला नसतो.

सगळ्यात आधी विचारायचं ते बोटीबद्दल. पत्रकावर नुसतं ‘क्रूझ’ लिहिलं असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही. फुकेतपासून फी फी साधारण 45 किलोमीटरवर आहे. मोठ्या फेरीबोटीला एका बाजूने जवळपास दोन तास लागतात, स्पीडबोटीला तासाभराच्या आसपास. फेरी सकाळी साडेआठ-नऊला सुटते आणि दुपारी साडेचार-पाचपर्यंत परत येते. म्हणजे हाताशी आठ तास धरले तरी जाण्यायेण्यात चार गेले, जेवणात एक गेला, उरले तीन. या तीन तासांत नऊ ठिकाणं उतरून पाहणं कुणालाही जमणार नाही. हे गणित सांगलीत बसून दोन मिनिटांत होतं, आणि तेवढ्यानेच पत्रक खरं की खोटं ते बहुतेक वेळा कळतं.

ठिकाणांच्या यादीतली खरी मेख अशी की ‘पाहणं’ आणि ‘उतरणं’ यांत पत्रक कधीच फरक करत नाही. व्हायकिंग केव्ह यादीत हमखास असते, पण तिथे पाकोळ्यांची घरटी काढण्याचं काम चालतं. पर्यटकांना आत सोडत नाहीत, बोट समोर थोडा वेळ थांबते आणि पुढे जाते. पिलेह लगूनमध्ये पोहता येतं, पण तेही बोटीवरून पाण्यात उतरून, आणि मोठी फेरी त्या अरुंद तोंडातून आत शिरतच नाही. मंकी बीचला बऱ्याचदा बोट फक्त वळसा घालते. म्हणून यादीतल्या प्रत्येक नावापुढे दोनच गोष्टी लिहून घ्या: उतरायचं की बोटीतून पाहायचं, आणि किती मिनिटं. हे लिहून द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून बुकिंग करू नका.

माया बेचं तर वेगळंच सांगायला हवं, कारण सगळी विक्री त्या खाडीच्या एका फोटोवर चालते. प्रवाळ मरू लागल्यामुळे थायलंड सरकारने ही खाडी जून 2018 मध्ये बंद केली आणि जानेवारी 2022 मध्ये नव्या नियमांसह उघडली. आता बोटी खाडीच्या तोंडाने आत येत नाहीत. मागच्या लोह समाह बाजूला उतरून लाकडी पायवाटेने किनाऱ्यावर यावं लागतं. तिथे पोहायला मनाई आहे, गुडघाभर पाण्यापर्यंतच जाऊ देतात. शिवाय दरवर्षी 1 ऑगस्ट ते 30 सप्टेंबर ही खाडी पूर्ण बंद असते. त्यामुळे ‘माया बेमध्ये स्विमिंग’ असं छापणारा माणूस 2018 नंतर तिथे फिरकलेला नाही किंवा जाणूनबुजून खोटं बोलतो आहे. गणपतीच्या सुट्टीला जोडून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कुणी माया बे विकत असेल तर त्यात शंकेलाही जागा नाही.

हंगामाची लबाडी यापेक्षा महागात पडते. आपल्या शाळांना सुट्टी एप्रिलअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत असते आणि अंदमान समुद्राच्या त्या बाजूचा पावसाळा मे महिन्यातच सुरू होतो, तो ऑक्टोबरपर्यंत चालतो. मे-जूनमध्ये सहल होत नाही असं नाही. पण लाटा वाढल्या की तिथलं सागरी खातं लहान बोटींना बंदी करतं आणि ती बंदी आदल्या रात्री किंवा त्याच सकाळी कळते. त्याच समुद्रातली सिमिलन बेटं तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पर्यटकांसाठी बंदच असतात, तरी जूनच्या पहिल्या आठवड्याच्या पॅकेजमध्ये सिमिलन दिसतं. पैसे घेताना सिमिलन दाखवायचं आणि तिथे पोचल्यावर “हवामानामुळे बदल” म्हणून कोरल आयलंडला न्यायचं, ही नेहमीची चाल आहे. फुकेतचं कोरल आयलंड म्हणजे को हे. चलाँगच्या धक्क्यावरून स्पीडबोटीने ते जेमतेम पंधरा-वीस मिनिटांवर आहे आणि ती सहल कितीतरी स्वस्त असते. मधला फरक परत करत नाहीत. पटायातही एक ‘कोरल आयलंड’ आहे, ते को लान. दोन्ही शहरांच्या पॅकेजमध्ये हे नाव दिसलं तर कोणतं बेट ते विचारा.

हवामानामुळे सहल रद्द झाली तर चांगली बोट कंपनी दुसरी तारीख देते किंवा पैसे परत करते. ते पैसे मधल्या माणसाकडे येतात आणि तिथेच थांबतात. म्हणून रद्द झाल्याचा संदेश बोट कंपनीकडून लेखी मागायचा आणि पैसे कुणाकडे परत केले हेही त्यात लिहून घ्यायचं. मात्र बंदी असताना “दुसऱ्या बोटीने सोडतो” म्हणणाऱ्याच्या बोटीत मुलांना घेऊन पाय ठेवू नका. 5 जुलै 2018 रोजी फुकेतजवळ वादळात पर्यटकांची एक बोट उलटून 47 जण बुडाले. हवामानाचा इशारा असताना ती समुद्रात गेली होती. तिथे पैशाचा विचार करायचा नसतो.

स्पीडबोट घ्यायची ठरली तर घरातली माणसं बघून घ्या. लाटांवर ती जोरात आपटते, मागच्या बाकांवर थोडं कमी आणि पुढच्या भागात सगळ्यात जास्त. गरोदर बाईला बहुतेक स्पीडबोट कंपन्या बसूच देत नाहीत. पाठीचं किंवा मणक्याचं ऑपरेशन झालेल्यांना, लहान बाळांना नाकारतात किंवा लेखी हमी मागतात. ही अट बोट कंपनीच्या पानावर स्पष्ट असते, पण इथला विक्रेता ती सांगत नाही, कारण सांगितली तर सहातली दोन तिकिटं गळतात. मग धक्क्यावर आजींना खाली ठेवायची वेळ येते आणि त्यांच्या तिकिटाचे पैसे “नो शो” म्हणून जातात. चढण्याआधी मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट मागून घ्या. मोठ्याचं जॅकेट सात वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून निसटतं.

आता पार्क फी. फी फीचा परिसर राष्ट्रीय उद्यानात येतो आणि परदेशी पर्यटकांना मोठ्यांसाठी 400 बाथ, लहान मुलांसाठी 200 बाथ शुल्क आहे. चार मोठे आणि दोन लहान म्हणजे 2,000 बाथ, आपले पाच हजारांहून जास्त रुपये. यात दोन प्रकारे फसवतात. एक, ‘समाविष्ट’ लिहून धक्क्यावर पुन्हा रोख मागतात. दुसरा प्रकार वरच्या कुटुंबाच्या बाबतीत झाला: फी पॅकेजमध्ये घेतली, पण बोट उद्यानाच्या कुठल्याही किनाऱ्यावर उतरलीच नाही, त्यामुळे ती उद्यानाकडे भरली गेल्याची पावतीही नाही. टोनसाईच्या धक्क्यावर लागतं ते माणशी 20 बाथांचं स्वच्छता शुल्क, त्याचा या फीशी संबंध नाही. उद्यानाचं तिकीट गाइड गटासाठी एकत्र काढतो. त्याचा फोटो काढून घ्या.

मुलांच्या दराबाबत घाई करू नका. बहुतेक कंपन्या साधारण 4 ते 11 वयाला कमी दर लावतात आणि त्याहून लहान मूल फुकट असतं. नेमकी वयोमर्यादा प्रत्येक कंपनीची वेगळी असते, म्हणून तिच्याच पानावर बघा. हॉटेल पाटाँगमध्ये असेल तर ने-आण बहुधा दरात असते. उत्तरेकडच्या माई खाओसारख्या लांबच्या किनाऱ्यावर असेल तर जादा पैसे लागतात आणि ते सकाळी सात वाजता गाडीवाला मागतो.

जेवणाचं आश्वासन सांगलीकडच्या जैन कुटुंबांना फार त्रास देतं. बेटावरच्या बुफेत भात, तळलेल्या नूडल्स, भाज्या असतात, पण भाज्यांतही माशाचा सॉस सर्रास पडतो. ‘व्हेज’ म्हटलं तरी तो वगळतीलच असं नाही. थायलंडमध्ये ‘जे’ नावाचं कडक शाकाहारी जेवण असतं. त्यात मांस, मासे, अंडी नाहीत आणि कांदा-लसूणही नाही. व्हाउचरवर तो शब्द थाई लिपीत लिहून घ्यावा आणि तरीही दशम्या, चटणी, खाकरा सोबत ठेवावा.

या सगळ्याची चावी व्हाउचरमध्ये आहे. टूरवाल्याच्या लेटरहेडवरचं ‘फी फी टूर कन्फर्म’ हे व्हाउचर नव्हे. खऱ्या व्हाउचरवर बोट चालवणाऱ्या थाई कंपनीचं नाव आणि परवाना क्रमांक, बुकिंग क्रमांक, बोटीचा प्रकार, धक्क्याचं नाव, गाडी येण्याची वेळ, मोठे किती नि लहान किती, आणि पार्क फी धरली आहे की नाही, एवढं असतं. ते हातात आलं की त्याच कंपनीला स्वतः मेल करा: या क्रमांकावर या नावांचं बुकिंग आहे का, कोणत्या बोटीचं आहे? उत्तर साधारण एक-दोन दिवसांत येतं. त्याच कंपनीच्या पानावर तीच सहल कितीला आहे तेही दिसतं. मध्यस्थाने कमिशन घ्यावं, त्याचं काम आहे ते. पण फेरीचं तिकीट काढून स्पीडबोटीचे पैसे घेणं याला कमिशन म्हणत नाहीत.

पैसे फर्मच्या नावाच्या खात्यावरच भरा. यूपीआयवर मालकाचं किंवा भाच्याचं वैयक्तिक नाव दिसलं तर थांबा. बिलावरचा पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर फुकट तपासता येतो. महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात 27 ने होते. परदेशी पॅकेजवर टीसीएस (विक्रेत्याने तुमच्याकडून आगाऊ गोळा केलेला आयकर) घेतला असेल तर तो तुमच्या पॅनखाली आयकराच्या पोर्टलवर जमा दिसलाच पाहिजे आणि विवरणपत्रात तो वळता होतो. पॅन न विचारताच कुणी टीसीएस कापला तर ती रक्कम तुमच्या नावावर जमा होत नाही, एवढं नक्की समजा.

फुकेतमध्ये बोट वेगळी निघाली तर चढण्याआधी तिचा, तिकिटाचा आणि हातावर बांधलेल्या पट्टीचा फोटो घ्या. त्याच वेळी टूरवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी तक्रार पाठवा. फोनवरचं बोलणं पुढे कामाला येत नाही. तिथे पर्यटक पोलिसांचा क्रमांक 1155 आहे, इंग्रजीत बोलता येतं. किनाऱ्यावर जेट स्की घेणार असाल तर आधी तिचा सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढा आणि पासपोर्ट तारण म्हणून कुणालाही देऊ नका. जुने ओरखडे दाखवून मोठी भरपाई मागण्याचा धंदा तिथे जुना आहे.

परत आल्यावर गप्प बसू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे टूरवाल्याचं ऑफिस पुण्यात किंवा मुंबईत असलं तरी सांगलीकराने सांगलीत, सातारकराने साताऱ्यात तक्रार करावी. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत 2 वर्षांची. ई-जागृती पोर्टलवर घरून दाखल करता येते. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी, काही विक्रेते तेवढ्यानेच पैसे परत करतात. पैसे घेऊन टूरवाला गायबच झाला असेल तर वेळ न घालवता 1930 वर सायबर तक्रार करा. आयोगाकडे जाताना पत्रक, पैसे भरल्याचा पुरावा, व्हाउचर, बोटीचे फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवरची तक्रार आणि बोट कंपनीचं मेलवरचं उत्तर एवढं तारखेनुसार लावून न्या. पत्रकात स्पीडबोट आणि कंपनीच्या उत्तरात फेरी असेल, तर हे दोन कागद सगळ्यात वर ठेवा.