एआय एजंटसाठी टूलची वर्णनं लिहिणं: सानपाड्याच्या कस्टम ब्रोकर ऑफिसातून, काही महिन्यांनंतर

मत आधीच सांगून टाकतो. एमसीपी, म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, ही एआय मॉडेलला बाहेरच्या सॉफ्टवेअरशी जोडायची ठरलेली पद्धत. ती चांगली आहे, पण ते नुसतं वायरिंग. एजंट म्हणजे स्वतः टूल बोलावून काम करणारा एआय, आणि टूल म्हणजे सॉफ्टवेअरमधलं एकेक काम त्याला करू देणारी सोय. एजंट कामाला येतो की डोक्याला ताप होतो, हे टूलच्या वर्णनात काय लिहिलंय त्यावर ठरतं. आणि ते वर्णन लिहायला ऑफिसातला जुना माणूस लागतो, एकट्या डेव्हलपरचं ते काम नाही.

आमचं काम न्हावा शेवाला उतरणाऱ्या आयात मालाचं. जॉब रजिस्टर, कंटेनरची स्थिती, फ्री डेज (कंटेनर बिनभाड्याने ठेवता येतो ते दिवस), पार्टीला म्हणजे ग्राहकाला जाणारे मेल, सगळं घरचं सॉफ्टवेअर. पावसाळ्याआधी त्यावर एमसीपी सर्व्हर बसवला. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर 2024 मध्ये खुला केलेला हा प्रोटोकॉल. त्यात मॉडेलला मुख्यतः टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा जेसन स्कीमा (कोणती माहिती कशा रूपात द्यायची याचा आराखडा) दिसतो. मागचा कोड दिसत नाही. सुरुवातीची वर्णनं जुन्या एपीआयच्या (दोन सॉफ्टवेअरनी एकमेकांशी बोलायच्या सोयीच्या) कागदांतून जशीच्या तशी उचललेली होती: ‘लोकेशन, स्ट्रिंग, आवश्यक’. माणसांचं त्यावर भागायचं, कारण अडलं की डॉक्युमेंटेशनच्या काकांना विचारता यायचं. एजंट कोणाला विचारणार?

लोकेशनचंच घ्या. न्हावा शेवाचा आंतरराष्ट्रीय कोड पाच अक्षरी, आयएनएनएसए. कस्टम्सचा कोड मात्र आयएनएनएसए1. एजंट बिनधास्त पहिला पाठवायचा, टूल ‘इनव्हॅलिड इनपुट’ म्हणायचं, मग तो जेएनपीटी (याच बंदराचं दुसरं नाव), मुंबई असं एकेक लावून बघत बसायचा. आता स्कीमातच एनम (ठरलेल्या पर्यायांची यादी) टाकून आम्हाला लागणारे तेवढे कोड ठेवलेत आणि वर्णनात म्हटलंय की मुंबई एअर कार्गो असेल तर आयएनबीओएम4. विषय संपला. मोजकेच पर्याय असतील तिथे परिच्छेद लिहू नयेत, एनम द्यावा.

कंटेनर नंबरचा किस्सा जास्त गमतीचा, म्हणजे आता गमतीचा वाटतो. आयएसओ 6346 प्रमाणे कंटेनर नंबर 11 खुणांचा: चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी तपासणीचा एक अंक, जो आधीच्या दहांवरून गणिताने निघतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या नंबरात एखादा आकडा चुकला की टूल ‘नंबर अवैध’ एवढंच सांगायचं. एजंटला हे गणित येतं. त्याने तपासणीचा अंक स्वतःच काढला, बसवला आणि पुन्हा विचारलं. नंबर नियमात बसला, पण चूक मधल्या आकड्यात होती. रजिस्टरमध्ये तसा कंटेनर नाही म्हटल्यावर त्याने उत्तर दिलं, ‘हा कंटेनर आपल्याकडे आलेला नाही.’ पार्टीचा माल यार्डात, फ्री डेज संपत आलेले, आणि उत्तर हे!

यानंतर एररचा मजकूर बदलला: ‘तपासणीचा अंक जुळत नाही. नंबरातला कोणताही आकडा स्वतः बदलू नका. वापरणाऱ्याकडून नंबर पुन्हा मागा. जॉब नंबर मिळाला तर त्यावरून शोधा.’ एमसीपीमध्ये टूलची एरर उत्तरातच ‘इज-एरर’ची खूण लावून पाठवता येते, त्यामुळे ती मॉडेलपर्यंत पोचते. माझ्या मते एवढ्या महिन्यांत सगळ्यात मोठा फरक या एररच्या मजकुरांनी पडला. वर्णन एजंट सुरुवातीला वाचतो. एरर तो अडल्याक्षणी वाचतो.

तारखांबद्दल फार लिहीत नाही. 04/05 म्हणजे चार मे की पाच एप्रिल, यावर डिटेंशनचे (कंटेनर उशिरा परत केल्याचे) पैसे ठरत असतील तर वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने तारीख घ्या आणि वर्णनात एक उदाहरण द्या.

काकांचा खरा उपयोग झाला बोलीसाठी. ऑफिसात कोणी ‘क्लिअरन्स स्टेटस’ म्हणत नाही. ‘ओओसी पडलं का?’ (माल सोडायची कस्टम्सची मंजुरी), ‘डीओ मिळाला का?’ (शिपिंग लाइनची डिलिव्हरी ऑर्डर), ‘गाडी लागली का?’ असंच विचारतात. यातलं कस्टम्सच्या टप्प्याचं काय, शिपिंग लाइनचं काय, वाहतुकीचं काय, हे त्यांनी एका दुपारी बसून सांगितलं आणि ते तसंच त्या-त्या टूलच्या वर्णनात गेलं. सोबत हेही की हे टूल कशासाठी वापरायचं नाही. ‘डीओबद्दल विचारलं तर हे टूल नको, शिपिंग लाइनचं वापरा’ या एका वाक्याने दोन टूलमधला गोंधळ थांबला.

आता तक्रारी. टूलची वर्णनं साधारणपणे प्रत्येक संवादात मॉडेलसोबत जातात, म्हणजे टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) जळतात. त्यामुळे पुराण लिहून चालत नाही. आम्ही चार छोटी टूल्स एकत्र करून ‘कंटेनरची सद्यस्थिती’ असं एकच केलं; रजिस्टरची अख्खी यादी ओतणारं टूल आता मोजक्या ओळी देतं आणि पार्टी किंवा तारीख देऊन यादी आणखी गाळायला सांगतं. दुसरं म्हणजे 2025 च्या मार्चमधल्या आवृत्तीत ‘फक्त वाचणारं’, ‘नाश करणारं’ अशा खुणा टूलला लावायची सोय आली. त्या सूचनाच आहेत, कुलूप नाही. पार्टीला मेल पाठवणारं टूल त्या भरवशावर सोडू नका. आमच्याकडे माणसाने होकार दिल्याशिवाय मेल सुटत नाही, आणि ही अट कोडमध्ये आहे, वर्णनात नाही.

तिसरी कटकट देखभालीची. मॉडेल बदललं की तेच वर्णन ते थोडं वेगळं समजून घेतं. म्हणून ऑफिसातल्याच खऱ्या प्रश्नांचा संच करून ठेवलाय. वर्णन किंवा मॉडेल बदललं की तो चालवायचा आणि एजंटने कोणतं टूल कोणत्या इनपुटने बोलावलं ते वाचायचं. कंटाळवाणं काम आहे, पण आकड्यांच्या डॅशबोर्डपेक्षा ही नोंद वाचून जास्त कळतं.

घ्यावं का? रोज तेच प्रश्न फोनवर येत असतील आणि डेटा एका जागी असेल तर नक्की. डेटा पाच जणांच्या एक्सेलमध्ये पसरलेला असेल तर आधी तो एकत्र करा. आणि काका निवृत्तीला आले असतील तर वर्णनं लिहायला आजच बसा.