आउटबॅक, मोटरहोम आणि न टिकणारं दही

'रेफ्रिजरेटर स्पेसिफिकेशननुसार काम करत आहे.' माझ्या मोटरहोमचा, म्हणजे आतच घर असलेल्या गाडीचा, फ्रिज वाटेत थंडच होत नव्हता. त्या तक्रारीवर गाडी बांधणाऱ्या कंपनीकडून परवा पुन्हा एवढंच उत्तर आलं, म्हणून आज लिहायला बसले. माणूस चिडल्याशिवाय एवढं टाइप करत नाही.

गाडी साधारण अशी. फियाट डुकाटो व्हॅनची चासी, सहा मीटर लांबी, मागे आडवा बेड, मध्ये ओटा, कॅसेट टॉयलेट (टाकी काढून रिकामी करायची), छतावर सोलर. मार्चअखेर ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडल्या ॲडलेडहून निघाले, आउटबॅकमधून, म्हणजे मधल्या ओसाड मुलखातून, स्टुअर्ट हायवेने वर उत्तरेला डार्विनपर्यंत गेले. उलुरू, मॅकडॉनेल रेंजेस, लिचफील्ड असं रमतगमत. डिसेंबरात इथला उन्हाळा लागायच्या आत परत. एकटीच.

आधी चांगलं सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. एकट्या बाईसाठी या गाडीतली सगळ्यात मोठी सोय म्हणजे ड्रायव्हरची सीट मागे वळते आणि तुम्ही थेट घरात. रात्री थांबलेली जागा बरी वाटली नाही, तर दार न उघडता किल्ली फिरवून निघता येतं. एका रेस्ट एरियात शेजारच्या गाडीत जोरदार भांडण जुंपलं. मी चहाचा कप सिंकमध्ये ठेवला, पडदे काढले आणि निघाले. अंधारात कांगारू कधी समोर उडी मारेल सांगता येत नाही, म्हणून पुढच्या थांब्यापर्यंत चाळीसच्या वर गेले नाही. पण निघता आलं. गाडीमागे वेगळी कॅरॅव्हॅन ओढत असते तर बाहेर उतरावं लागलं असतं.

रोड ट्रेनची, म्हणजे एकामागे एक डबे जोडलेल्या लांबलचक ट्रकची, भीती मात्र उगाच घेतली होती. उत्तरेकडे त्या ५३.५ मीटरपर्यंत लांब असतात. समोरून आली की आधी हवेचा दणका बसतो आणि शेवटचा डबा गेला की गाडी तिच्याकडे ओढल्यासारखी होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा, झालं. डिझेल लिटरला साडेआठ-नऊ किलोमीटर, समोरून वारा असेल तर आठही नाही. बेड छान. शॉवर नावापुरता.

आता फ्रिज.

थ्री-वे आहे, म्हणजे गॅस, १२ व्होल्ट (गाडीची बॅटरी) आणि २४० व्होल्ट (घरची वीज), तिन्हीवर चालणारा. यात कॉम्प्रेसर नसतो. आत अमोनियाचं द्रावण तापवतात आणि त्या उष्णतेवर थंडावा तयार होतो. त्यामुळे हा प्रकार नाजूक. गाडी सपाट उभी हवी. मी गवंड्याची पाणसळ घेऊन फिरायचे आणि चाकाखाली रॅम्प सरकवत बसायचे. मागची गरम हवा बाहेर जायला हवी. गाडी चालू असताना गॅस पेटता ठेवणं धोक्याचं, पेट्रोलपंपावर तर बंदच हवा. तेव्हा वाटेत सगळा भरवसा १२ व्होल्टवर.

आणि आउटबॅकमध्ये 'वाटेत' म्हणजे दिवसभर. पोर्ट ऑगस्टा ते कूबर पेडी साधारण ५४० किलोमीटर. त्यातल्या ग्लेंडॅम्बोनंतरच्या अडीचशे किलोमीटरमध्ये एकही पंप नाही. बाहेर ३८ डिग्री. कूबर पेडीला पोचून फ्रिज उघडला तर आतलं थर्मामीटर १७ दाखवत होतं. दूध फाटलेलं. दह्याच्या डब्याचं झाकण फुगून वर आलेलं, आणि उघडताच असा आंबूस भपकारा आला की खिडकी उघडावी लागली. घरून निघताना आणलेलं विरजण होतं ते. मोटरहोम घेण्याच्या आधीपासून चालू असलेलं.

कूबर पेडीत लोक उन्हाला कंटाळून जमिनीखाली घरं खोदून राहतात, तिथे आत वर्षभर पंचविशीच्या आत-बाहेर तापमान असतं. त्या गावात मी चिडून बर्फाची पिशवी आणि इस्की, म्हणजे बर्फ टाकून थंड ठेवायची पेटी, विकत घेतली. यानंतर हा शिरस्ताच पडला. फ्रिज असलेल्या गाडीत बर्फाला प्रत्येक रोडहाउसवर (हायवेवरच्या पंप-खानावळीवर) पाच-सात डॉलर. पैसे मोजताना दर वेळी हात जड व्हायचा.

सांगलीहून बहीण म्हणाली, "अगं, मेतकूट आहे, भाजणी आहे, शेंगदाण्याची चटणी आहे, दह्यावाचून काय अडलंय?" बरोबर आहे तिचं. १८६० साली ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेला ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्सच्या मोहिमेसाठी उंट आणले ते कराचीहून, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात. पुढे तिकडून आलेल्या उंटवाल्यांनी या मुलखात वर्षानुवर्षं माल वाहिला, सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हटलं गेलं आणि त्यावरूनच ॲडलेडहून डार्विनला जाणाऱ्या 'घॅन' रेल्वेचं नाव पडलं. त्यांच्याकडे कुठे फ्रिज होता? पण त्यांनी फ्रिजचे पैसेही भरले नव्हते. मी भरलेत.

मग हिवाळा आला आणि माझं मत बदललं. जून-जुलैत ॲलिस स्प्रिंग्जला दिवसा विशीच्या आसपास, काही रात्री शून्याच्या खाली. फ्रिज असा चालला की कोथिंबीर गोठायला लागली. नवीन विरजण लावलं, तर थंडीमुळे लागेचना. डबा ब्लँकेटमध्ये गुंडाळून झोपले तेव्हा कुठे सकाळी जेमतेम लागलं. तेव्हा मी मैत्रिणीला लिहिलंही होतं की फ्रिज चांगला आहे, मार्चमध्ये ऊनच जास्त होतं. तो मेसेज अजून फोनमध्ये आहे, कंपनीच्या हाती लागू नये.

सप्टेंबरात कॅथरीन गावाच्या बाजूला पारा ३७ वर गेला आणि पुन्हा तेच. वैताग येऊन तिथल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी लावली. त्याने फ्रिजला हातही लावला नाही. मल्टिमीटर काढला, इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि बॅटरीपाशी मोजलं: १२.६ व्होल्ट. मग बाहेरची जाळी काढून फ्रिजच्या टर्मिनलपाशी मोजलं: १०.८. मीटर माझ्याकडे वळवून धरला आणि काहीच बोलला नाही.

दोष तारेचा. हा फ्रिज १२ व्होल्टवर चौदा-पंधरा अँपिअर ओढतो. बॅटरीपासून फ्रिजपर्यंत तार जाऊन-येऊन बारा मीटर. माहितीपत्रकात '४ मिमी केबल' लिहिलंय आणि आपण समजतो तांब्याचं क्षेत्रफळ चार चौरस मिलिमीटर. इथल्या 'ऑटो केबल'मध्ये तो आकडा वरच्या प्लॅस्टिकसकट जाडीचा असतो. आत तांबं पावणेदोन-दोन चौरस मिलिमीटरच. म्हणजे पावणेदोन व्होल्ट वाटेतच खर्च. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते, तेव्हा फ्रिजला मिळणारी उष्णता जवळजवळ पाव भागाने कमी. त्यात आउटबॅकचं ऊन. कुठून होणार थंड?

त्याने ६ बी अँड एसची केबल टाकली, म्हणजे साडेतेरा चौरस मिलिमीटर तांबं, बॅटरीपाशी नीट फ्यूज आणि मागच्या वरच्या जाळीला छोटा पंखा. सगळं मिळून चारशे डॉलरच्या आत. खालची जाळी काढली तेव्हा आतून तांबड्या धुळीचा थर वेफरसारखा सलग निघाला. हीच धूळ माझ्या मिसळणाच्या डब्यात जाऊन बसली होती आणि मी महिनाभर हळदीच्या रंगाला दोष देत होते. परतीच्या वाटेवर, त्याच उन्हात, फ्रिज ६ डिग्रीवर.

म्हणजे फ्रिज वाईट नाही, आणि एवढे महिने मी त्यालाच शिव्या घालत होते. पण गाडी लाख डॉलरच्या वर किमतीला विकून तारेत पन्नास-साठ डॉलर वाचवणाऱ्याला काय म्हणायचं? ॲडलेडला परतल्यावर कंपनीच्या वर्कशॉपने गाडी ठेवून घेतली, २४० व्होल्टवर जोडली, रात्रभर चालवली आणि 'थंड होतोय' असा शेरा दिला. अहो, होणारच! घरच्या विजेवर तार कुठे मध्ये येते? मी दोन रीडिंगचे फोटो पाठवले. उत्तर आलं: बाहेरच्या माणसाने वायरिंगला हात लावल्यामुळे वॉरंटी लागू नाही.

इथे राहणाऱ्यांसाठी: कंपनीची वॉरंटी हा शेवटचा शब्द नाही. ऑस्ट्रेलियन कन्झ्युमर लॉ २०११ पासून लागू आहे आणि वस्तू चांगल्या दर्जाची असण्याची हमी त्यात वेगळी मिळते. माझा अर्ज मी दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या कन्झ्युमर अँड बिझनेस सर्व्हिसेसकडे टाकला आहे. सोबत दोन्ही रीडिंग, इलेक्ट्रिशियनचं बिल आणि कापून काढलेल्या जुन्या तारेचा एक वीतभर तुकडा, पाकिटात. तुकडा हातात घेतला की तांबं दिसतं, समजावून सांगायला लागत नाही.

कोणी ही गाडी बघायला जाणार असेल तर बेड, सोफा, एलईडी दिवे बघत बसू नका. इंजिन चालू करायला लावा, फ्रिज १२ व्होल्टवर टाका, दहा मिनिटं थांबा आणि दोन्हीकडचे व्होल्ट मोजा. मल्टिमीटर वीस-तीस डॉलरला मिळतो. सेल्समन नको म्हणाला तर उत्तर मिळालंच.

अपडेट: हे लिहून ठेवलं आणि आज कंपनीचा ईमेल आला. 'सदिच्छा म्हणून' केबलच्या बिलाचे अर्धे पैसे देतील, अट एवढीच की पुढे काही मागायचं नाही. मी कळवलंय, पूर्ण हवेत. आणि बर्फाच्या पावत्याही जोडल्यात.