एसएपीतला मोठा रिपोर्ट: स्क्रीनवरून उतरवायचा की बॅकग्राउंडला टाकायचा?

एसएपी म्हणजे कंपन्यांचे हिशेब आणि कामकाज सांभाळणारं सॉफ्टवेअर. महिनाअखेरीला त्यातल्या एफबीएल३एनमधून (खात्यांच्या नोंदींचा रिपोर्ट) वर्षभराच्या लेजर नोंदी काढायच्या असतात आणि नेमकी तेव्हाच फाइल उतरत नाही. मग कुणी सांगतं, बॅकग्राउंडला टाक, म्हणजे सर्व्हरवर आपोआप चालू दे. कुणी म्हणतं, पुन्हा चालवून बघ. कोणता मार्ग धरायचा हे एरर कोणती आहे त्यावर ठरतं.

स्क्रीनवर रिपोर्ट चालवण्यात सोय खूप. हवा तो लेआउट लावा, फिल्टर मारा, स्प्रेडशीट म्हणून सेव्ह करा, की फाइल थेट आपल्या मशीनवर. पण स्क्रीनवरच्या कामाला वेळेची मर्यादा असते. आरडिस्प/मॅक्स_डब्ल्यूपीरन_टाइम या पॅरामीटरची मूळ किंमत ६०० सेकंद. रिपोर्ट दर वेळी साधारण दहाव्या मिनिटाला पडत असेल, तर नेटवर्कला दोष देण्याआधी एसटी२२ (मध्येच पडलेल्या प्रोग्रामची नोंद दाखवणारी स्क्रीन) उघडा. तिथे टाइम_आउटचा डंप, म्हणजे वेळ संपल्याची नोंद दिसली, तर तो रिपोर्ट तसाच पुन्हा चालवण्यात अर्थ नाही. बेसिसवाल्यांना, म्हणजे एसएपी सिस्टीम सांभाळणाऱ्या टीमला सांगून ही मर्यादा वाढवून घेता येते, पण माझं मत याच्या विरुद्ध आहे. एकाच रिपोर्टने डायलॉग प्रोसेस (स्क्रीनवरची कामं करणारी सर्व्हरवरची प्रोसेस) अडवून धरली, की महिनाअखेरीच्या गर्दीत बाकीचे ताटकळतात.

बॅकग्राउंड जॉबला ही मर्यादा लागू नाही. एसएम३६मधून (जॉब लावायची स्क्रीन) किंवा रिपोर्टच्याच प्रोग्राम मेनूतून लावा, लॅपटॉप बंद करून घरी जा, सकाळी एसएम३७मध्ये (जॉबची यादी) बघा. गोची वेगळीच आहे: जॉब सर्व्हरवर चालतो, त्याला तुमचा सी ड्राइव्ह दिसत नाही. त्यामुळे जीयूआय_डाउनलोड (फाइल तुमच्या मशीनवर उतरवणारं फंक्शन) वापरणारा झेड प्रोग्राम, म्हणजे कंपनीने स्वतः बनवून घेतलेला प्रोग्राम, स्क्रीनवर नीट चालतो आणि बॅकग्राउंडला फसतो. डेव्हलपरकडून तो सर्व्हरच्या फोल्डरमध्ये लिहिणारा करून घ्यावा लागतो. मग फाइल एएल११मध्ये (सर्व्हरचे फोल्डर दाखवणारी स्क्रीन) दिसते आणि सीजी३वाय या ट्रान्झॅक्शनने खाली घेता येते. स्टँडर्ड रिपोर्टचं आउटपुट स्पूलमध्ये (छपाईसाठी साठवण्याची जागा) जातं आणि रिपोर्ट रुंद असेल तर उजवीकडचे कॉलम कापले जाऊ शकतात. जॉब लावतानाच प्रिंट फॉरमॅट पुरेसा रुंद निवडा.

परवानगीची अडचण असेल, तर मार्ग बदलून ती सुटत नाही. स्क्रीनवरून फाइल घ्यायला एस_जीयूआय ही परवानगी लागते, सर्व्हरवरच्या फाइलला एस_डेटासेट. नकार आला की दुसरं काहीही न उघडता लगेच एसयू५३ (कोणती परवानगी कमी पडली ते दाखवणारी स्क्रीन) चालवा आणि तोच स्क्रीनशॉट सिक्युरिटी टीमला पाठवा. एसएपी जीयूआयच्या (आपल्या मशीनवरचा एसएपीचा प्रोग्राम) सुरक्षा खिडकीत कुणी ‘नाकारा’ आणि ‘हे लक्षात ठेवा’ दोन्ही निवडून ठेवलं असेल, तर पुढच्या वेळी विचारणा न होताच फाइल अडते. तो नियम ऑप्शन्समधल्या सिक्युरिटीत जाऊन काढा.

काही हजार ओळींचा रिपोर्ट असेल तर मी स्क्रीनच निवडेन. लाखांत गेला की बॅकग्राउंड, तोही कंपनी कोड किंवा महिन्यानुसार तुकडे करून, कारण एक्सेलची शीट १०,४८,५७६ ओळींवर संपते.